मागच्या खोलीची मोजणी

मोजणीदाराने खोलीच्या चौथ्या कोपऱ्यातही फोन कमरेइतक्या उंचीवर धरला, श्वास रोखला आणि पडद्यावरच्या छोट्या कमानी मोजल्या. सगळ्या उमटल्या होत्या. त्याने फोन खाली घेतला, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि फोन पुन्हा धरला. कमानींनी आपले मत बदलले नाही.

दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. मोजणीदाराला राग आला. मागच्या खोलीत इंटरनेटची रेंज येत नाही, हे त्या घरातले इतके जुने आणि इतक्या भांडणांनी सिद्ध झालेले सत्य होते, की ते कुणाला न विचारता एका दुपारी परस्पर उलटावे हा त्याला शुद्ध उद्धटपणा वाटला. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. भिंतीकडे तोंड केलेले त्याचे टेबल, त्यावरची धूळ, मागे उघडे दार. काहीही बदललेले नव्हते. जिथे काहीच बदललेले नाही तिथे निकाल बदलू शकत नाही. आणि बदललाच, तर काहीतरी बदललेले असते आणि ते आपल्याला दिसत नसते.

जमिनींच्या हद्दी मोजण्याच्या कचेरीत त्याची सारी नोकरी झाली होती. कचेरी सुटली, पण नाव चिकटून राहिले. इमारतीत सगळे त्याला मोजणीदारच म्हणत. काहीजण आदराने म्हणत. आणि ज्यांच्याशी जिन्यातल्या कुंड्यांवरून किंवा गाडी लावण्याच्या जागेवरून त्याचा वाद झाला होता ते, म्हणजे बहुतेक सगळे, जरा वेगळ्या सुरात म्हणत.

आजच्या मोजणीला कारण होते. त्याच्या भाचीचा, म्हणजे अक्काच्या मुलीचा, फोन आला होता.

"मामा, मी विचार करतेय, तिकडेच येऊन राहावं. ऑफिसचं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस. तू एकटाच असतोस."

"मी एकटा असतो म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. यायचंय म्हणून ये."

"बरं, यायचंय म्हणून येते. झालं समाधान? पण मागच्या खोलीत नेट चाललं पाहिजे. मागच्या वेळेसारखं नको."

"चालेल."

"चालेल नको म्हणूस. चालतंय म्हण. नाहीतर मी आपली इथंच बरी."

यावर मोजणीदार मनातून सुखावला होता. पोरगी पुरावा मागते, म्हणजे रक्त आपलेच. मागच्या वेळी काय झाले ते त्यालाही चांगले आठवत होते. भाचीने त्याच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, आणि तिच्या वरिष्ठ बाईंचा चेहरा दर थोड्या वेळाने पडद्यावर गोठू लागला. दुसऱ्याच दिवशी तिने बॅग भरली. अक्का लगबगीने उठून दारापर्यंत आली होती.

"अगं, आता आलं बघ. दिवा लागलाय हिरवा."

"आता येऊन काय उपयोग, आई? तुमच्या घरात माणसाला काम करता येत नाही."

पुढच्या वेळी भाची आली तेव्हा अक्का घरात नव्हती, कुठेच नव्हती.

अक्का गेल्यापासून मोजणीदार मागच्या खोलीत फारसा येत नसे. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर तो झोपे, तिथेच जेवे, तिथेच वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवी, आणि मग उत्तर आले नाही की पान उलटी. भांडखोर माणसाला एकटेपण इतरांपेक्षा वेगळ्या रीतीने छळते. इतरांना बोलायला कुणी नसते. त्याला खोडून काढायला कुणी नसते, आणि जे कुणी खोडून काढत नाही ते बरोबर आहे की चूक हे कळायला दुसरा मार्गही नसतो. निवृत्त मोजणीदारांची एक मंडळी आठवड्यातून एकदा फोनच्या पडद्यावर जमून जुन्या हद्दींचे खटले नव्याने लढत असे. त्यातही तो आता जात नव्हता. पूर्वी मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसून तो त्यात सामील होई, आणि नेमका तो जिंकण्याच्या बेतात आला की रेंज जाई, प्रतिपक्ष तोंड उघडे टाकून थिजून बसे.

तो बाहेरच्या खोलीत आला. बोळाच्या तोंडाशी अक्काची खुर्ची होती, आणि तिच्या उजव्या हाताला, जरा मागे, एका ठेंगण्या स्टुलावर राउटर. खुर्ची भिंतीला समांतर नव्हती. किंचित तिरकी होती. अक्का असताना तो जाता-येता ती सरळ करी, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिरकी झालेली असे. अक्का गेल्यावर त्याने तिला हात लावला नव्हता.

वस्तुतः ती खुर्चीची जागाच नव्हे. पूर्वी खुर्ची खिडकीपाशी असे, उजेडात. त्याला चक्कर येऊन तो मागच्या खोलीत पडला आणि अक्का बाजारातून येईपर्यंत तसाच पडून राहिला, त्यानंतर खुर्ची तिथून हलली. तो इस्पितळातून घरी आला तेव्हा खुर्ची बोळाच्या तोंडाशी येऊन बसली होती, आणि भाचीच्या आग्रहावरून घेतलेला हा नवा राउटरही तिच्याशेजारी लुकलुकत होता. तो अर्थातच वाद घालायला विसरला नव्हता.

"इथं उजेड नाही, खिडकी नाही. इथं काय आहे?"

"वारा लागतो बोळातून."

"उन्हाळ्यात ठीक आहे. थंडीत?"

"थंडीतही लागतो."

"थंडीत वारा कशाला हवा माणसाला?"

"तुझ्याशी बोलून डोकं तापतं ना, म्हणून."

अक्काचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. कानाला यंत्र लावून तिने हजारो अनोळखी माणसांची एकमेकांशी गाठ घालून दिली होती. राउटरचे हिरवे दिवे तिला आवडत. दिवा लुकलुकतोय म्हणजे कुणीतरी कुणाशीतरी बोलतंय, असे ती म्हणे, आणि कोण बोलत असेल याचे अंदाज बांधी. त्या डब्याविषयी तिचा एकच आक्षेप होता.

"आमच्याकडे दोरी खुपसली की माणूस बोलायला लागायचं. ह्याच्यात कुणाला कुठं खुपसायचं?"

मागच्या खोलीच्या रेंजची मोजणी त्या दोघांनी किती वेळा केली असेल! एकट्याने मोजलेले हे मोजलेले नव्हेच, अशी त्याची धारणा होती. एकाने दुर्बिणीपाशी असावे, दुसऱ्याने समोर पट्टी धरून उभे राहावे, तेव्हा कुठे मोजणी होते.

"अक्का, ऊठ. पट्टी धरायला ये."

"आले, साहेब."

ती स्वेटरचे विणकाम खुर्चीवर ठेवून उठे. तो राउटरपाशी उभा राही. ती फोन घेऊन मागच्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरे आणि एक्स्चेंजमधल्या ठेवणीतल्या आवाजात ओरडून सांगे, "कोपरा दुसरा, पूर्ण. कृपया लाइनीवर राहा." प्रत्येक कोपऱ्यात रेंज पूर्ण असे. तो समाधानाने टेबलाशी जाई, ती खुर्चीत परत जाई, आणि खटला सुरू होऊन जरा रंगात आला की प्रतिपक्ष थिजे. कंपनीची माणसे आली तरी तोच प्रकार. अक्का त्यांच्यासाठी चहा टाकायला उठे, रेंज येई. ती माणसे चहा पिऊन नेट निर्दोष असल्याचा निर्वाळा देऊन जात.

"मला उठवलं की बरं येतं," अक्का म्हणे. "माझ्या पायगुणावर चालतंय तुझं नेट."

"पायगुण मोजता येत नाही, अक्का."

"म्हणून तर तुझ्या लक्षात येत नाही."

दाराची घंटा वाजली. भाचीचा फोन ठेवताच त्याने कंपनीला कळवले होते, तिचा माणूस आला होता.

नेटवाला अंगाने आडमाप होता. खांद्यावर पिशवी, पिशवीत ड्रिल, आणि चेहऱ्यावर तीन जिने चढून आल्याचा कष्टी भाव. त्याने बूट काढता काढताच विचारले, "काका, तक्रार काय आहे?"

"मागच्या खोलीत रेंज येते."

"येत नाही?"

"येते."

नेटवाला एका पायावर थांबला. "मग तक्रार कशाची?"

"त्याचीच. ती का येते, हे मला कळलं पाहिजे."

"काका, लोक रेंज येत नाही म्हणून बोलावतात. येते म्हणून बोलावणारे तुम्हीच भेटलात."

"कुणी औषध दिलं नाही आणि दुखणं थांबलं, तर ते बरं झालं असं समजू नये. दबा धरून बसलंय असं समजावं. माझी भाची कामासाठी इथं येऊन राहणार आहे. ती आल्यावर ते पुन्हा उठायला नको."

नेटवाल्याने दुसरा बूट काढला. या घरी वाद घालण्यापेक्षा खोली बघून घेणे सोपे, हे त्याने एवढ्यातच ओळखले असावे. तो बोळातून मागच्या खोलीत गेला, स्वतःचा फोन काढला, कोपरे फिरला आणि मान हलवली.

"इथं तर नुसता धबधबा चाललाय. शंका असेल तर भाचीलाच लावा व्हिडिओ. मी तोवर बाहेर बसून तक्रार बंद करतो. तुमच्या फोनवर आकडा येईल, तेवढा सांगा मला."

मोजणीदाराने टेबलावरची धूळ हाताने बाजूला केली, फोन दोन पुस्तकांना टेकवून उभा केला आणि भाचीला लावला. तिचा चेहरा लगेच आला, मागच्या कपाटावरच्या पुस्तकांच्या नावांसकट.

"मामा! किती स्वच्छ दिसतोयस रे. दाढी केलेली नाहीस, तेसुद्धा दिसतंय."

"मोजणीच्या नादात राहिली."

"म्हणजे खरंच चालतंय? मग मी काय म्हणते, या महिन्याच्या शेव—"

ती थांबली. एक डोळा अर्धा मिटलेला, ओठ कुठल्याशा अक्षरासाठी उघडलेले. मोजणीदार त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. दबा धरून बसलेले दुखणे उठले होते. त्याने फोन तसाच ठेवला आणि ताडताड बाहेर आला.

नेटवाला अक्काच्या खुर्चीत बसला होता. पाय लांब करून, हनुवटी छातीला टेकवून तो आपल्या फोनमध्ये काही लिहीत होता.

त्या खुर्चीत कुणी बसलेले मोजणीदाराने अक्कानंतर पाहिले नव्हते. समाचाराला आलेली माणसेही कशी कोण जाणे, तिला वळसा घालून दिवाणावर बसली होती.

"उठा," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात असे काही होते की नेटवाला एवढा अवजड असूनही झटकन उभा राहिला. "माफ करा हं काका, कुणाची ठरलेली जागा असेल तर..."

"—मामा? गेलास का? अरे, आता दिसतंय! पण तूच कुठं गेलास?" मागच्या खोलीतून भाचीचा आवाज सलग, स्वच्छ वाहत आला.

मोजणीदाराने बोळाकडे पाहिले. मग खुर्चीकडे पाहिले.

"बसा," तो म्हणाला.

"नको, राहू द्या, मी उभाच बरा."

"बसा म्हणतो ना."

नेटवाला संकोचून टेकला. आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

"उठा."

"—का ओरडतोयस कुणावर?" आवाज आला.

"बसा."

"काका," नेटवाला अर्धवट वाकलेल्या अवस्थेत म्हणाला, "आपण संगीत खुर्ची खेळतोय का?"

मोजणीदार हसला नाही. तो खाली गुडघ्यांवर बसला, राउटरच्या उंचीला डोळा आणला आणि दुसरा डोळा मिटला. दुर्बिणीला डोळा लावण्याची सवय अंगात होती, तिला दुर्बीण लागली नाही. डाव्या बाजूला इमारतीचा जाडजूड खांब. उजवीकडे लोखंडी कपाट. मध्ये बोळाची चिंचोळी फट, तिच्या टोकाला मागच्या खोलीचे दार. स्टुलावरून त्या दाराला पोहोचणारी एकच सरळ रेषा त्या घरात होती, आणि ती खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीतून जात होती.

सारी उमर त्याने ओरडण्यात घालवली होती: "रेषेतून बाजूला व्हा!" पोरांवर ओरडला, गुरांवर ओरडला, जमिनीच्या मालकांवर आणि एकदा तर आपल्या साहेबावरही. मध्ये माणूस असेल तर दुर्बिणीला पट्टी दिसत नाही, ही या धंद्यातली पहिली इयत्ता. आणि घरात, जे माणूस रेषेत बसले होते त्यालाच तो दर वेळी उठवून पट्टी धरायला नेत होता, आणि रेषा मोकळी असल्याचा निर्णय देत होता. दुसरे माणूस घेतल्याखेरीज मोजायचे नाही, हा त्याचा नियम. आणि त्या घरात दुसरे माणूस एकच होते.

तो उठला.

"असं होतं कधीकधी," नेटवाला म्हणाला. "डब्याला अगदी खेटून माणूस बसलं तर अडतं. त्यात ही भिंत, हे कपाट. कोण बसायचं इथं?"

"माझी बहीण."

"गावाला गेल्यात का?"

मोजणीदाराने खुर्चीवरची उशी उचलली, थोपटली आणि होती तशी परत ठेवली. नेटवाल्याने खाली पाहिले. त्याने आवाज उतरवून म्हटले, "मग आता अडचण नाही काका. म्हणजे... कुणी बसत नाही तर रेंज येतेच आहे. आहे तसं राहू द्या."

म्हणणे तर्काला धरून होते. त्यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते. रेंज येत होती. भाचीला जे हवे ते होते. आणि त्यासाठी कुणी काही केले नव्हते. एक माणूस कमी झाले होते, एवढेच.

"नाही," मोजणीदार म्हणाला. "वर घ्या तो. माणसाच्या डोक्याच्या वर."

"कशाला उगीच भिंतीला भोक? चांगलं चाललंय."

"खुर्चीत माणूस बसलं तरी चाललं पाहिजे."

नेटवाल्याने पिशवीतून ड्रिल काढले.

भिंत कठीण निघाली. ड्रिलच्या घरघरीत मोजणीदार मागच्या खोलीत गेला. भाची अजून पडद्यावर होती आणि काहीतरी खात होती.

"काय चाललंय काय तिकडे? घर पाडतोयस?"

"राउटर भिंतीवर लावतोय."

"म्हणजे सापडलं! काय बिघडलं होतं रे एवढी वर्षं?"

मोजणीदाराने तोंड उघडले. कारण त्याच्यापाशी होते. पुराव्यानिशी होते, तीनदा पडताळलेले होते. असले कारण हाती आले की ते समोरच्याच्या पदरात घातल्याशिवाय तो कधी जेवला नव्हता. समोर भाचीने घास थांबवला होता.

"राउटर खाली होता," तो म्हणाला. "वर घेतला."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि एवढ्यासाठी मी त्या दिवशी आईला..." तिने मान दुसरीकडे वळवली. पडद्यावर आता तिचा कान आणि थोडे केस दिसत होते, आणि रेंज इतकी चांगली होती की त्यातला एक पांढरा केसही दिसत होता. "काय काय बोलले मी तिला. तिचा काय दोष होता त्यात."

"काही नाही," मोजणीदार म्हणाला. "तिचा काही दोष नव्हता."

त्याच्या तोंडून आजवर निघालेल्या विधानांत बहुधा हेच एक असे होते, की ज्याचा आधार कुणी मागितला असता तर तो देऊ शकला नसता. आणि तरी ते खोटे आहे असेही त्याला वाटले नाही.

"काका!" बाहेरून हाक आली. "झालं बघा. आता खुर्चीत माणूस बसवून मोजायला पाहिजे. मी आत आकडे बघतो, तुम्ही बसा."

"तुम्ही बसा. मी बघतो आत."

"तुमच्या फोनवर नुसत्या कमानी दिसतात. माझ्याकडे आकडे दिसतात. मला आत पाहिजे. बसा हो दोन मिनिटं, त्यांच्या जागेवर बसलात म्हणून आता कोण रागावणार आहे?"

जीभ सुटल्यावर नेटवाल्याला काय बोललो ते कळले असावे. तो घाईने बोळात शिरला.

मोजणीदार खुर्चीपुढे उभा राहिला. दुसऱ्याच्या हद्दीत विनापरवाना पाऊल टाकू नये, हे त्याने लोकांना आयुष्यभर बजावले होते, आणि स्वतःही पाळले होते. या घरात टेबल त्याचे होते, खुर्ची तिची. एकदाही, ती बाजारात गेलेली असतानासुद्धा, तो इथे बसला नव्हता. त्याने वर पाहिले. डोक्याच्या वर, भिंतीवर, हिरवे दिवे लुकलुकत होते. कुणीतरी कुणाशीतरी बोलत होते.

तो बसला.

खुर्ची तिरकी असल्याने पाठ नीट टेकेना. हात नकळत दोन्ही बाजूंना गेले आणि तळहातांखाली लाकूड लागले, वापराने गुळगुळीत झालेले. खुर्ची सरळ करून घ्यावी म्हणून त्याने पाय रोवले, आणि मान वर केली.

समोर बोळ होता. बोळाच्या टोकाला दाराची चौकट. आणि चौकटीत, दुर्बिणीच्या काचेत पट्टी यावी तसे नेमके मधोमध, त्याचे टेबल. खोलीतला पलंग दिसत नव्हता, खिडकी दिसत नव्हती. टेबल तेवढे दिसत होते, आणि त्याच्याशी बसलेल्या नेटवाल्याची रुंद पाठ, त्याची खाली घातलेली मान, सदऱ्यावरची घामाची खूण, खांदे श्वासागणिक वर-खाली होताना.

मोजणीदाराने मान थोडी डावीकडे नेली. खांबाने पाठ कापली. उजवीकडे नेली. कपाट आडवे आले. मान पुन्हा मध्ये आणली.

खिडकीपासून दूर, उजेड सोडून, थंडीत बोळाचा वारा खात. तो टेबलाशी बसून मागे वळे तेव्हा अक्काची नजर नेहमी विणकामात असे. इतकी असे, की एकदा त्याने तिला टोमणाही मारला होता, एवढं विणतेस आणि स्वेटर कसा तो पुरा होत नाही.

भाचीही ते दोन दिवस त्याच टेबलाशी, अशीच पाठमोरी बसली होती.

"भरभरून येतंय काका!" नेटवाला पाठ न वळवता ओरडला. "बसलात ना? हलू नका. हां, एकदम पूर्ण. ताईंना विचारा हवं तर. ताई, येतंय ना नीट?" मध्ये भाचीचे हसणे ऐकू आले, काही बोलणे, पुन्हा हसणे. "ताई म्हणतायत, महिन्याच्या शेवटी येते म्हणून. पक्कं."

मोजणीदाराची नजर त्या पाठीवरून हलली नाही.

"आणि विचारतायत, टेबल खिडकीकडे सरकवलं तर चालेल का? तिकडे उजेड बरा आहे म्हणतायत."

"नको," मोजणीदार म्हणाला. ते पुरेसे मोठ्याने निघाले नाही असे वाटून त्याने पुन्हा म्हटले, "नको. म्हणावं, आहे तिथंच राहू दे."

"आता हे तुमचं तुम्ही बोला बुवा. या ना आत. झाली मोजणी."

टेबलाशी पाठ तशीच होती, किंचित हलणारी. तिच्या पलीकडे, न दिसणाऱ्या पडद्यावर, भाची काहीतरी सांगत होती, आणि तिचा एकेक शब्द बोळातून न तुटता येत होता.

"मी उठलो तर मोजणी चुकेल," मोजणीदार म्हणाला, आणि खुर्ची होती तशी तिरकीच ठेवून मागे टेकला.